दोन महासत्ता आणि पीण्याची शेड

दोन बलाढ्य शेजाऱ्यांच्या मध्ये ज्याचे घर असते, त्याला दोघांशीही बोलणे ठेवावे लागते. एकाच्या विहिरीचे पाणी आणि दुसऱ्याच्या शेतातून जाणारी वाट, या दोहोंवाचून त्याचा संसार चालत नाही. गावच्या व्यवहारात या वागण्याला कोणी दोष देत नाही. राष्ट्रांच्या व्यवहारात मात्र त्याला निरनिराळी नावे मिळतात. कोणी त्याला मुत्सद्देगिरी म्हणतो, कोणी संधिसाधूपणा म्हणतो, तर कोणी दोन दगडांवर पाय ठेवल्याचा आरोप करतो. यांपैकी खरे कोणते, हे केवळ भाषणे आणि तहनामे वाचून ठरत नाही. त्या राष्ट्राने मिळालेल्या मदतीचे पुढे काय केले, हे पाहावे लागते.

येथे लहान राष्ट्र कोणाला म्हणावयाचे, हेही स्पष्ट केले पाहिजे. नकाशावरील क्षेत्रफळ किंवा शिरगणतीतील आकडा हे त्याचे माप नव्हे. ज्या वस्तूसाठी एखाद्या देशाला दुसऱ्याच्या दारी जावे लागते आणि दुसऱ्याने नकार दिला तर हात चोळीत बसावे लागते, त्या वस्तूपुरता तो देश लहान होय. या अर्थाने स्वातंत्र्यानंतरची कित्येक वर्षे भारत हा धान्याच्या, शस्त्रांच्या आणि अवजड यंत्रांच्या बाबतीत लहानच होता. अग्निबाणांच्या बाबतीत तर तो फारच लहान होता. असा देश अमेरिका आणि सोव्हिएट युनियन या दोन प्रतिस्पर्धी महासत्तांमध्ये आपला मार्ग कसा काढतो, याचे एक बोलके उदाहरण बंगळूर शहराच्या वायव्य कडेला, तुमकूर रस्त्यालगत सापडते. त्या ठिकाणाचे नाव पीण्या.

पीण्या हे आज लहान व मध्यम उद्योगांचे एक विस्तीर्ण क्षेत्र आहे. लेथ यंत्रांची घरघर, सुट्या भागांची गाठोडी वाहणारे टेंपो, तयार कपड्यांच्या कारखान्यांतून पाळी संपवून बाहेर पडणाऱ्या स्त्रिया, असे तेथील नित्याचे दृश्य. परराष्ट्रनीतीचा धडा शोधण्यासाठी तेथे जावे, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही. तथापि भारताचा पहिला कृत्रिम उपग्रह येथील ॲस्बेस्टॉसच्या पत्र्यांच्या शेडमध्ये तयार झाला, आणि त्या उपग्रहाच्या कथेत या सर्व प्रश्नाचे सार आलेले आहे.

त्या कथेकडे वळण्यापूर्वी बंगळूरशी मराठी माणसाचे जे जुने नाते आहे, त्याचे स्मरण करणे उपयुक्त ठरेल. कारण ते नाते जडले तेही दोन मोठ्या सत्तांच्या स्पर्धेतूनच. इ. स. १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या हाती पडले आणि निजामशाही बुडाल्यात जमा झाली. तेव्हा शहाजीराजे भोसले यांनी निजामशाही घराण्यातील एका लहान मुलास पेमगिरीच्या किल्ल्यावर गादीवर बसवून सुमारे तीन वर्षे ते राज्य चालविले. उत्तरेस शहाजहानची अफाट फौज, दक्षिणेस विजापूरची आदिलशाही. या दोहोंमध्ये हे चिमुकले राज्य तगले, याचे कारण उघड होते. मोगल आपल्या सीमेला येऊन भिडू नयेत, म्हणून विजापूरला मध्ये कोणीतरी हवे होते. जोपर्यंत दोघांचे वैर होते, तोपर्यंत शहाजीराजांना वाव होता.

परंतु इ. स. १६३६ मध्ये शहाजहान आणि महंमद आदिलशहा यांचा तह झाला. निजामशाहीचा मुलूख त्यांनी आपसांत वाटून घेतला. दोन्ही फौजा एकाच दिशेने चालून आल्या, माहुलीच्या किल्ल्यावर शहाजीराजांना शरण जावे लागले आणि पुढे आदिलशाहीची चाकरी पत्करावी लागली. त्याच चाकरीत ते रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकात उतरले आणि १६३८ मध्ये बंगळूर जिंकल्यावर ते ठाणे त्यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांच्या पराक्रमात किंवा बुद्धीत उणेपणा होता, असे कोणीही म्हणणार नाही. दोन बलाढ्यांच्या वैरावर उभारलेली इमारत त्यांच्या सलोख्याने कोसळते, एवढाच त्याचा अर्थ. त्यांच्या पुत्राने पुढे मोगल आणि आदिलशहा यांच्या वैराचा पुरेपूर उपयोग करून घेतला. परंतु मिळालेल्या उसंतीत त्याने स्वतःचे दुर्ग बांधले, स्वतःचे आरमार उभे केले. म्हणून एका सत्तेने पाठ फिरविली तरी स्वराज्य उभे राहिले.

आता विसाव्या शतकाकडे येऊ. ७ सप्टेंबर १९४६ रोजी, हंगामी सरकारची सूत्रे हाती घेतल्यावर लगेच, पंडित जवाहरलाल नेहरूंनी आकाशवाणीवरून देशाला उद्देशून भाषण केले. परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या गटांच्या सत्तास्पर्धेपासून भारत शक्य तितका दूर राहील, हा विचार त्यांनी त्यात मांडला. पुढे यालाच अलिप्ततेचे धोरण असे नाव पडले. या धोरणाची अनेकांनी प्रशंसा केली, पुष्कळांनी त्याची टवाळीही केली. अलिप्तता म्हणजे दोघांपासून सारखेच अंतर राखणे, असा अर्थ करून पाहिला, तर ती कधीच नीट पाळली गेली नाही असे दिसेल. वस्तुतः अंतर मोजणे हा या धोरणाचा हेतूच नव्हता. आपला निर्णय आपल्या हाती राहावा, हा तो हेतू होता.

हा निर्णय हाती राखणे किती कठीण असते, याचा अनुभव १९६५-६६ च्या दुष्काळात आला. अमेरिकेचा गहू जहाजांतून येत होता आणि त्यावर लाखो लोकांची भाकरी अवलंबून होती. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ही मदत एकदम न देता थोड्या थोड्या मुदतीने मोकळी करण्याचा क्रम ठेवला. भारताने व्हिएतनामच्या युद्धाविषयी काय बोलावे, शेतीविषयक धोरण कसे ठेवावे, या सर्वांचा त्या गव्हाच्या जहाजांशी संबंध जोडला गेला. धान्य देणाऱ्या सामान्य अमेरिकन जनतेचा हेतू चांगला होता, यात शंका नाही. परंतु ज्याच्या कोठारात दोन महिन्यांचे धान्य नाही त्याचे अलिप्ततेवरील भाषण कोणी फारसे मनावर घेत नाही, हे या प्रसंगाने दाखविले.

१९७१ साली तराजू दुसऱ्या बाजूला झुकला. पूर्व बंगालमधील निर्वासितांचे लोंढे भारतात येत होते आणि अमेरिका पाकिस्तानच्या पाठीशी उभी होती. चीनशी तिचे नवे सूत जमत होते. त्या वर्षी ९ ऑगस्ट रोजी भारताने सोव्हिएट युनियनशी शांतता, मैत्री व सहकार्याचा करार केला. डिसेंबरात अमेरिकेचे एंटरप्राइज हे विमानवाहू जहाज बंगालच्या उपसागराकडे निघाले, तेव्हा या कराराचा आधार मोलाचा ठरला. या करारात एक कलम असे होते की, भारताच्या अलिप्ततेच्या धोरणाचा सोव्हिएट युनियन आदर करते. मित्राच्या हातात हात देताना स्वतःच्या स्वातंत्र्याची नोंद त्याच कागदावर करून घेण्याची ही दक्षता लक्षणीय होती. पण कागदावरील कलम व्यवहारात कसे उतरवावयाचे? त्याची परीक्षा पुढील चार वर्षांत पीण्यास झाली.

अवकाशविज्ञानात भारताने आरंभापासूनच अनेक दारे उघडी ठेवली होती. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून पहिला अग्निबाण उडाला. तो नाइके-अपाची जातीचा आणि अमेरिकेने दिलेला होता. त्यातील सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. तळावरील गणकयंत्र आणि सुरक्षिततेच्या पाहणीचे हेलिकॉप्टर सोव्हिएट युनियनकडून आलेले होते. ज्या महासत्ता एकमेकींवर अण्वस्त्रे रोखून बसल्या होत्या, त्यांची सामग्री कोळ्यांच्या एका खेड्यात शेजारी शेजारी नांदत होती. २ फेब्रुवारी १९६८ रोजी श्रीमती इंदिरा गांधी यांनी हा तळ संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यास अर्पण केला, त्यामुळे तेथे कोणा एकाचाच हक्क राहिला नाही. डॉ. विक्रम साराभाई यांची ही दृष्टी होती. ३० डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे अकाली निधन झाले. पण एक महत्त्वाचा विषय तोवर पुष्कळ पुढे गेला होता. भारतीय उपग्रह आपल्या अग्निबाणावरून सोडून देण्यास सोव्हिएट युनियन तयार होते.

मे १९७२ मध्ये त्यासंबंधीचा करार झाला. उड्डाणाबद्दल सोव्हिएट युनियन काही मोबदला घेणार नव्हते. अशा वेळी गरजू देशाला सोपा वाटणारा मार्ग एकच असतो. उपग्रहही त्यांच्याकडूनच तयार करून घ्यावा, वर आपला तिरंगा रंगवावा आणि सोहळा साजरा करावा. भारताने तो मार्ग घेतला नाही. अग्निबाण तुमचा, पण उपग्रहाची आखणी व बांधणी आमची, अशी ही वाटणी होती. सौरघट, विद्युत्घटमाला, उष्णतेपासून रक्षण करणारे रंग, माहिती साठविणारे फीतयंत्र अशा काही वस्तू येथे तयार होत नव्हत्या. त्या सोव्हिएट युनियनकडून घेतल्या. बाकीची जबाबदारी भारतीय शास्त्रज्ञांनी आपल्या शिरावर घेतली.

हे काम प्रा. उडुपी रामचंद्र राव यांच्याकडे आले. त्यांचे बहुतेक सहकारी तरुण होते आणि उपग्रह कसा बांधतात हे त्यांच्यापैकी कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते. विमानबांधणीचे कारखाने, भारतीय विज्ञान संस्था आणि यंत्रोद्योग बंगळूरला असल्यामुळे तेच शहर सोयीचे होते. परंतु तेथे स्वतंत्र प्रयोगशाळा बांधीत बसण्यास वेळ नव्हता. तेव्हा पीण्याच्या औद्योगिक क्षेत्रातील काही शेड घेण्यात आल्या. ज्या जागेत एखाद्याने पंप किंवा खिळे केले असते, तेथे धूळविरहित खोल्या उभ्या राहिल्या. कंपन, उष्णता व निर्वात यांच्या परीक्षा सुरू झाल्या. उपग्रहाकडून येणारी माहिती घेण्यासाठी बंगळूरला जागा अपुरी पडली, तेव्हा एका शौचगृहाचेच रूपांतर ग्रहणकेंद्रात करण्यात आले, असे सांगतात. अनेक पैलूंचा तो उपग्रह ३६० किलोग्रॅम वजनाचा झाला. १९७० मध्ये चीनने सोडलेला पहिला उपग्रह १७३ किलोग्रॅमचा होता. ही तुलना त्या काळी दिल्लीत आणि मॉस्कोतही कोणाच्या ध्यानातून सुटण्यासारखी नव्हती.

उपग्रहाला नाव काय द्यावे, हा प्रश्न आला तेव्हा तीन नावे पंतप्रधानांपुढे ठेवण्यात आली. आर्यभट, मित्र आणि जवाहर. ‘मित्र’ या नावात भारत-सोव्हिएट स्नेहाचा निर्देश होता; ‘जवाहर’ या नावाचा संबंध सांगावयास नको. श्रीमती गांधींनी आर्यभट हे नाव निवडले. अग्निबाण देणाऱ्या मित्राविषयी कृतज्ञता होतीच, परंतु उपग्रहाच्या अंगावर नाव कोरले गेले ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या भारतीय ज्योतिर्विदाचे. राजकारणात अशा लहानशा निवडीदेखील पुष्कळ बोलून जातात.

१९ एप्रिल १९७५ रोजी व्होल्गोग्राडजवळील कापूस्तिन यार या तळावरून आर्यभट आकाशात गेला. हे यश निर्दोष नव्हते. क्ष-किरणांचा अभ्यास, सूर्यापासून येणारे न्यूट्रॉन व गॅमा किरण आणि वातावरणाचे वरचे थर, असे त्याचे तीन वैज्ञानिक प्रयोग होते. वीजपुरवठ्यात बिघाड झाल्यामुळे चार-पाच दिवसांतच ते बंद करावे लागले. टीकाकारांना त्यात पैशाचा अपव्यय दिसला. परंतु उपग्रह स्वतः कक्षेत फिरत राहिला, संदेश देत राहिला, आणि तो कसा बांधावा, कसा तपासावा, दूरवरून कसा हाकावा हे ज्ञान पीण्याच्या शेडमध्येच राहिले. ते परत मागण्याचा अधिकार कोणत्याही करारात कोणाला नव्हता. पुढे दोन रुपयांच्या नोटेवर आर्यभटाचे चित्र आले आणि खेड्यापाड्यांतील माणसाच्या खिशात तो उपग्रह पोहोचला.

या कथेचा दुसरा अर्धा भाग त्याच वर्षी घडला, आणि त्यावाचून पहिल्याचा अर्थ पुरा होत नाही. आर्यभट सोव्हिएट अग्निबाणावरून गेल्यानंतर साडेतीन महिन्यांच्या आत, १ ऑगस्ट १९७५ रोजी, अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या साह्याने भारतात खेड्यांसाठी दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत तो वर्षभर चालला. त्याचा करार १९६९ मध्ये झालेला होता. मधल्या काळात बांगला देशचे युद्ध झाले, सोव्हिएट युनियनशी मैत्रीचा करार झाला, मे १९७४ मध्ये पोखरणला अणुस्फोट झाला, अमेरिकेशी संबंध अत्यंत कडू झाले. पण हा करार मोडला नाही. येथेही वाटणी तीच होती. उपग्रह अमेरिकेचा, परंतु शेती, आरोग्य व शिक्षण यांवरील कार्यक्रम भारतीयांचे, अहमदाबादचे भूकेंद्र भारताचे, आणि खेड्यांतील संचांची उपकरणे हैदराबादच्या सरकारी कारखान्यात तयार झालेली. दोन महासत्तांपैकी एकीकडून उपग्रह बांधण्याची विद्या साधली, दुसरीकडून तो वापरण्याची. १९८१ मध्ये ॲपल हा दळणवळणाचा उपग्रह युरोपच्या एरियन अग्निबाणावरून गेला आणि तिसरे दारही उपयोगात आले.

यावरून या धोरणाची किंमत काहीच नव्हती, असा समज होऊ नये. किंमत होती आणि ती द्यावी लागली. सोव्हिएट सैन्य अफगाणिस्तानात शिरल्यानंतर, जानेवारी १९८० मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेत त्या कृतीचा निषेध करणारा ठराव आला. तिसऱ्या जगातील बहुसंख्य देशांनी त्याच्या बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. एका लहान शेजारी देशावर मोठ्याने केलेल्या आक्रमणाविषयी, स्वतः पारतंत्र्य भोगलेल्या राष्ट्राने मौन पत्करावे, हे अनेक भारतीयांनाही रुचले नाही. शस्त्रास्त्रांसाठी ज्याच्यावर अवलंबून राहावे लागते, त्याच्याविषयी बोलताना शब्द अडखळतात. १९६६ मध्ये गव्हाने जे केले, तेच १९८० मध्ये शस्त्रास्त्रांनी केले. फरक एवढाच की, एका वेळी देणारा वॉशिंग्टनला होता, दुसऱ्या वेळी मॉस्कोला.

याहून कठोर धडा दहा-बारा वर्षांनी मिळाला. जड उपग्रह उंच कक्षेत सोडण्यासाठी अतिशीत द्रव इंधनांवर चालणारे, म्हणजे क्रायोजेनिक, इंजिन लागते. ते तयार करण्याची विद्या मिळविण्यासाठी भारताने जानेवारी १९९१ मध्ये सोव्हिएट संस्था ग्लावकॉसमॉस हिच्याशी करार केला. वर्ष संपण्यापूर्वी सोव्हिएट युनियनच नाहीसे झाले. क्षेपणास्त्रांच्या तंत्रज्ञानावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांचा या व्यवहाराने भंग होतो, असे सांगून अमेरिकेने मे १९९२ मध्ये भारतीय व रशियन अशा दोन्ही संस्थांवर दोन वर्षांचे निर्बंध घातले. १९९३ मध्ये अमेरिका आणि रशिया यांचा समझोता झाला. रशियाने तयार इंजिने देण्याचे मान्य केले, पण ती करण्याची विद्या देण्याचे नाकारले. भारताचे मत त्या समझोत्यात निर्णायक नव्हते. साडेतीनशे वर्षांपूर्वी शहाजहान आणि आदिलशहा यांच्यात जे घडले, त्याचीच ही वेगळ्या काळातील आवृत्ती होती. दोघांचे वैर संपले आणि मधल्याचा वाव संपला.

मात्र या वेळचा शेवट निराळा झाला. रशियाकडून आलेल्या इंजिनाच्या साह्याने १८ एप्रिल २००१ रोजी जीएसएलव्ही या अग्निबाणाचे पहिले उड्डाण झाले. त्याच सुमारास स्वदेशी इंजिनाचे काम चालू होते. एप्रिल २०१० मध्ये त्याचा पहिला प्रयत्न फसला. ५ जानेवारी २०१४ रोजी तो यशस्वी झाला. नकार मिळाल्यापासून वीसाहून अधिक वर्षे गेली. हा विलंब मोठा होता आणि त्याचे नुकसानही मोठे होते. परंतु पीण्याच्या शेडपासून पुढे एका पिढीने दुसऱ्या पिढीला हातोहात दिलेले कौशल्य देशात नसते, तर वीस वर्षांनीही ते इंजिन पेटले नसते.

पीण्या आजही या कार्याशी जोडलेले आहे. उपग्रहांचा माग काढणारे आणि त्यांना आज्ञा देणारे भारतीय अवकाश संशोधन संस्थेचे केंद्र तेथेच आहे. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशात उतरले, तेव्हा साऱ्या देशाचे डोळे त्या केंद्रातील पडद्यांवर खिळले होते. त्या मोहिमेच्या संदेशवहनास अमेरिकेच्या आणि युरोपच्या भूकेंद्रांचेही साहाय्य होते. ते घेण्यात कोणालाही कमीपणा वाटला नाही. ३० जुलै २०२५ रोजी निसार नावाचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून सोडण्यात आला. त्याचे एक रडार अमेरिकेच्या नासाने तयार केले आहे, दुसरे भारताने. त्याला कक्षेत नेले ते जीएसएलव्ही अग्निबाणाने, आणि त्या अग्निबाणाचा वरचा टप्पा स्वदेशी क्रायोजेनिक इंजिनाचा होता. ज्या विद्येला एकेकाळी अमेरिकेने अडविले होते, तिच्याच बळावर अमेरिकेचे बहुमोल उपकरण आकाशात गेले.

मोठ्यांच्या स्पर्धेत लहान राष्ट्राला जो वाव मिळतो, तो मुदतीचा असतो. ती मुदत किती, हे मोठेच ठरवितात. मधल्या काळात दोघांकडून काय मिळाले याच्या याद्या करून समाधान मानणारे राष्ट्र, मुदत संपताच पुन्हा रिकाम्या हाताने उभे राहते. मिळालेल्या प्रत्येक वस्तूबरोबर ती करण्याची कला आपल्या कारागिरांच्या हातात उतरली की नाही, हा हिशेब जे राष्ट्र ठेवते, त्यालाच पुढे दोघांशीही मान ताठ ठेवून बोलता येते. आज महासत्तांची नावे थोडी बदलली आहेत; चीनचे नाव त्यांत ठळक झाले आहे. विमानांची इंजिने, गणकयंत्रांतील सूक्ष्म चकत्या, खनिज तेल अशा अनेक बाबतींत भारत अजूनही लहान आहे. त्या प्रत्येक बाबतीत कोणाशी किती सख्य ठेवावे याची चर्चा दिल्लीत होत राहील, आणि ती व्हावयासही हवी. तिचे उत्तर मात्र तुमकूर रस्त्यावरच्यासारख्या एखाद्या शेडमध्ये, पत्र्याखालच्या उकाड्यात काम करणाऱ्या माणसांच्या हातून तयार व्हावयाचे आहे.